राजवाड्यातलं गुऱ्हाळ

पहिली काहील करपली. दुसरी करपली. तिसरीचा तर असा कोळसा झाला की खरवडायला दोन गडी आणि एक पहार लागली.

मोरखिंडीच्या सारंगराजांचं हे सरकारी गुऱ्हाळ. तिथली गुळवी बायजाक्का. उसाचा रस उकळून गूळ नेमका कधी झाला आणि काहील जाळावरून कधी उतरवायची, हे सांगणारी बाई. वीस वर्षांत तिच्या हातून एक काहील बिघडली नव्हती. मग आता झालं काय? झालं ते राजामुळं. पण राजाला हे सांगायचं कुणी?

राजेसाहेबांना गोडाची भारी हौस, आणि हौसेपेक्षा हट्ट मोठा. त्यांनी फर्मान काढलं होतं, "आमच्या पसंतीवाचून एकही काहील उतरायची नाही." गुऱ्हाळ नदीकाठी, राजवाडा कोसभर लांब. गूळ होत आला की घोडेस्वार पळीभर गूळ घेऊन दौडत निघायचा. तोवर राजे कधी न्हाणीघरात, कधी देवघरात, कधी वामकुक्षीत. त्यांनी उठून, चूळ भरून, पळी चाखून "वाहवा" म्हणेपर्यंत इकडं गुळाचं वाटोळं झालेलं असायचं.

राजांनी बायजाक्काला दरबारात बोलावलं. शेजारी कारभारी रंगोपंत उभे होतेच. ते गुऱ्हाळ आपल्या मेहुण्याला मिळावं म्हणून पंत केव्हाचे टपून बसले होते.

"संक्रांतीला चार दिवस उरलेत," राजे गरजले. "तिळगुळासाठी पिवळ्याधमक शंभर ढेपा हव्यात. प्रत्येक काहील मी चाखणार, आणि राजवाड्याचा उंबरा ओलांडणार नाही. जमलं नाही तर गुऱ्हाळ पंतांच्या मेहुण्याला."

"जमेल की," बायजाक्का म्हणाली. "फक्त गुऱ्हाळ कुठं मांडायचं ते मी ठरवीन. तेवढं लिहून द्या."

"मांड हवं तिथं. आम्हाला गुळाशी मतलब."

पंत मिशीत हसले. बायजाक्का कागद घेऊन गेली, साठ माणसं कामाला लावली आणि पहाटेपर्यंत खपली. राजेसाहेबांची झोप गाढ, त्यांना पत्ताच नाही.

सकाळी जाग आली ती करकर आवाजानं. सज्जात येऊन बघतात तर काय! चौकातल्या कारंज्याभोवती बैल फिरतायत आणि उसाचा चरक करकरतोय. फरसबंदी उखडून हे भलंमोठं चुलवाण खणलंय. वेशीपासून थेट दारापर्यंत उसाच्या गाड्यांची रांग लागलीय. राणीसाहेबांचे शालू जिथं वाळायचे त्या गच्चीवर आता पिळलेल्या उसाची चिपाडं वाळतायत. धूर सरळ शयनगृहात, आणि पंचक्रोशीतल्या झाडून साऱ्या मधमाश्या हजर. रंगोपंत "बंद करा, बंद करा" ओरडत आले, नाकावर माशी चावली, आणि आले तसे परत गेले.

"महाराज, काहील झाली. चाखून घ्या," बायजाक्कानं खालून हाक दिली.

"अगं, मी अंघोळ करतोय."

"करा निवांत. पण गूळ थांबायचा नाही."

राजे ओल्या पंच्यानिशी धावले. पळी चाखली, "वाहवा" म्हणाले, काहील उतरली. दुपारी जेवणाच्या दुसऱ्या घासाला हाक आली. राजे उष्ट्या हातानं पळाले. शेजारच्या राज्याचा वकील तहाचं बोलायला आला होता, त्याला "आलोच" म्हणून जे उठले ते मिशीला गूळ लावूनच परतले. वकिलानं बिचाऱ्यानं तहाऐवजी आधी मिशीकडंच बघितलं.

पण हट्टी माणूस असा एका दिवसात वठणीवर येतो होय? दुसऱ्या दिवशी राजे बाह्या सरसावून खालीच आले. "हाका पुरे. कधी उतरवायची ते मीच इथं बसून सांगणार."

"या की," बायजाक्का म्हणाली आणि ढवळायचं लांब फावडं त्यांच्या हातात दिलं.

राजांनी घाई केली. गूळ कसला, सगळी पातळ काकवी झाली. पुढच्या खेपेला दम धरला, तर तळ करपला. मग मात्र ते मुकाट्यानं बाजूला बसले. बायजाक्का नुसता फेसाचा रंग बघायची, थेंबभर गूळ गार पाण्यात सोडून त्याची गोळी वळायची आणि म्हणायची, "आता." राजेही लगेच म्हणायचे, "आता." पिवळ्याधमक ढेपा रांगेनं निघू लागल्या.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी शंभरावी ढेप निघाली. राजांच्या डोळ्यांतून धुरानं पाणी वाहत होतं आणि दाढी चिकटून काठीसारखी ताठ झाली होती.

"बायजाक्का, जिंकलीस तू. तुझं गुऱ्हाळ तुझ्याकडं. आता ते नदीकाठी ने, तुझ्या पाया पडतो. पण आमच्या पसंतीवाचून काहील उतरायची नाही, हा शब्द दिलाय मी. राजाचा शब्द मागं कसा घेऊ?"

"घेताच येत नाही," सुजलेलं नाक सांभाळत रंगोपंत म्हणाले. "राजाची पसंती राजानंच द्यायची."

बायजाक्कानं पदरानं कपाळ पुसलं. "महाराज, राज्यात चाळीस गावं. तुमच्या नावानं तिथं रोज निवाडे होतात. चाळीस चावड्यांवर तुम्ही पोचता कसे?"

"मी कशाला पोचू? तिथं पाटील असतो. त्यानं दिला तो माझाच निवाडा."

"त्याच्यावर कसं काय सोपवता?"

"तो जागेवर असतो ना. तिथलं बरंवाईट त्याला कळतं."

"मग काहिलीपाशी जागेवर कोण असतं, महाराज?"

राजे असे हसत सुटले की त्यांना खांबाला धरावं लागलं. बैल दचकले, चरक थांबला, सज्जात राणीसाहेबांनाही हसू आवरेना.

तिथंच सनद लिहिली गेली. गुऱ्हाळ पिढ्यान्‌पिढ्या बायजाक्काचं, आणि तिनं उतरवली ती काहील राजांच्या पसंतीची. राजांनी राजमुद्रा कागदावर दाबली. पण गुळानं बरबटलेले हात ते! मुद्रा कागदाला अशी चिकटली की काही केल्या सुटेना. पंत ओढायला पुढं धावले.

"राहू द्या पंत, कागद फाटेल," हसता हसता राजे म्हणाले. "बायजाक्का, मुद्रेसकट घेऊन जा."