ओला हात

“पण मग आपापला बैल न्यायला एकही पोर का येत नाही, गुरुजी?”

सयाजी देवकुळेनं पुन्हा विचारलं. उपाध्ये गुरुजी अंगणात पाटावर बसून माती मळत होते. बेंदूर, म्हणजे तिकडचा बैलांचा सण, तोंडावर आला होता. घरात दुसरं माणूस नाही, गोठ्यात जनावर नाही. तरी म्हातारा दरवर्षी मातीचे बैल करायचा आणि एकटाच पुजायचा.

गुरुजींनी वर पाहिलं नाही.

“पहिला नंबर आला म्हणालास ना?”

“जिल्ह्यात पहिला!”

सयाजीची मान ताठ झाली. हे सांगायलाच तो दोन एस.ट्या बदलून, उन्हातान्हात आपल्या लहानपणच्या मास्तरांकडे आला होता. निदान निघताना त्याची तशी समजूत होती. एस.टी.त बसल्यावर मात्र दुसरंच काहीतरी आतून टोचायला लागलं.

तो माळावरच्या एका वस्तीत शिक्षक होता. शाळेत शिक्षक तो एकटा आणि वस्तीत परका माणूसही तोच. पोरांवर त्याचा भारी जीव. हिवाळ्यात जिल्ह्याला प्राथमिक शाळांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यानं पोरांना बैल करायला लावले. पोरांनी केले ते पोरांसारखेच. एकाचं पोट जमिनीला टेकलेलं, एकाला मानच नाही.

मग शाळा सुटली, पोरं पांगली, की सयाजी वर्गात एकटाच बसायचा. हात ओला करायचा आणि एकेका बैलावरून फिरवायचा. पाय सरळ केले, वशिंड उठवलं, शिंगं कोरली. आपल्या पोरांना कुणी हसू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. हसणं कसं लागतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

बैल असे झाले की बघणाऱ्यानं तोंडात बोटं घालावीत.

त्यातलाच एक त्यानं आता पिशवीतून काढला.

“तुमच्यासाठी आणलाय.”

गुरुजींनी हात धोतराला पुसले. बैल घेतला, उलटसुलट करून पाहिला. पांढरंशुभ्र अंग, पाठीवर लाल झूल.

“कुणाचा रे?”

“शाळेचा.”

“शाळेनं केला?”

सयाजी रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागला. खरं सांगायचं तर कुणाचा ते त्यालाही माहीत नव्हतं.

हाच प्रश्न त्यानं आधीही ऐकला होता. प्रदर्शन बघायला त्यानं पोरांची सहल काढली होती. जीप ठरवली, पोरांना नदीचा घाट दाखवला, भेळ खाऊ घातली. घाटावर पोरांनी नुसता कल्ला केला. पुढं प्रदर्शनाच्या मांडवात शिरल्यावर मात्र ती शाळेच्या टेबलापुढं रांगेत उभी राहिली आणि एकमेकांकडे बघायला लागली.

तिसरीतली नसीमा मुलाणी त्याचा सदरा ओढत म्हणाली होती, “सर, माझा कुठला?”

तो हसला होता. तिच्या नावाच्या चिठ्ठीवर त्यानं बोट ठेवलं. नसीमानं चिठ्ठी वाचली, बैलाकडे पाहिलं. “बरं,” म्हणाली, आणि दुसऱ्या शाळांची टेबलं बघायला निघून गेली.

परतताना पोरं जीपमध्ये मागे एकमेकांच्या मांडीवर बसून गाणी म्हणत होती. पुढं सयाजीशेजारी जागा होती. तिथं कुणी आलं नाही. मग त्यानं बक्षिसाची ढाल तिथं ठेवली आणि वस्ती येईपर्यंत ती पडू नये म्हणून धरून बसला.

“बैल कपाटातच आहेत,” तो आता सांगत होता. “उन्हाळ्याची सुट्टी लागली, शाळा पुन्हा भरली. न्या रे म्हणून किती वेळा सांगितलं. आणि परवा बेंदराची माती पुढ्यात दिली, तर...”

“तर?”

“मांडीवर हात ठेवून बसली, गुरुजी. सगळी. नसीमा म्हणाली, सर, तुम्हीच करा.”

“रागावलास?”

“नाही हो.” त्याचा आवाज चिरकला. “एकटं वाटलं. वर्ग पोरांनी भरलेला, आणि मला आपलं कुणीच नाही असं वाटलं. ती कायमची अशीच बसून राहिली तर मी करू काय? म्हणून तर आलो.”

गुरुजींनी बक्षिसाचा बैल पायरीवर ठेवला. मातीचा एक गोळा सयाजीपुढं सरकवला.

“कर.”

“काय?”

“बैल.”

सयाजी हसला. मग बाह्या सारून बसला. माती गार होती, छान मळलेली होती. किती वर्षांत त्यानं पहिल्यापासून असं काही केलंच नव्हतं. धड झालं, मान झाली. काय विचारायला आलो होतो तेही तो विसरला.

शेजारून एक ओला हात आला. त्यानं बैलाची पाठ सरळ केली.

“पोक आलं होतं,” गुरुजी म्हणाले.

सयाजीनं पाय लावला. ओल्या हातानं तो काढून जरा पुढं लावला.

“आता बरोबर.”

सयाजीनं शिंग केलं. त्याला ते थोडं वाकडं, मारक्या बैलासारखं हवं होतं. गुरुजींनी ते हलकेच उपटलं, नवीन वळलं आणि बसवलं. सुरेख बसलं. तोंडही त्यांनीच कोरलं.

“झकास होतोय की! कर ना पुढं... थांबलास का?”

“आता तुम्हीच करा,” सयाजी म्हणाला.

बोलून गेला, आणि मग त्यानं खाली पाहिलं.

त्याचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते.

...

माळावरून वारा आला आणि उघडं दार आपटून गेला. ते लावायला घरात कुणी नव्हतं.

सयाजीला आधी लाज वाटली. मग त्या लाजेखालून जुना राग वर आला. इतकी वर्षं त्यानं तो कुणाला दाखवला नव्हता.

“मग माझ्या वेळी काय झालं होतं, गुरुजी?”

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं.

“शाळा तपासायला साहेब आले होते. माझ्या बैलाचं एक शिंग आभाळात, एक कानाखाली. साहेब हसले. मग सगळा वर्ग हसला. तुम्ही तिथंच उभे होता.” त्याचे डोळे भरून आले. “साहेब येणार हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं. शिंग वाकडं आहे हेही दिसत होतं. नुसता हात फिरवायचा होता! किती रडलो होतो मी.”

“हं. रडला होतास.” गुरुजी म्हणाले. “आणि त्या बैलाचं काय केलंस?”

“काय करणार? सदऱ्यात लपवून घरी नेला.”

“मग?”

“उशाशी घेऊन झोपलो.”

“आता कुठं आहे?”

“आईच्या फडताळात. मी कुणाला हात लावू देत...”

सयाजीचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. पायरीवरचा पांढराशुभ्र बैल त्याच्याकडे बघत होता.

खाली मान घालून तो हळूच म्हणाला, “पण तुम्हाला काहीच वाटलं नाही का हो त्या वेळी?”

गुरुजींनी घमेल्यातल्या पाण्यात हात बुडवला. बाहेर काढला, आणि त्या हाताकडेच बघत बसले.

“आदल्या दिवशी शाळा सुटली... तुम्ही पोरं घरी गेलात. असाच हात ओला करून मी तुझ्या बैलापुढं बसलो होतो, सयाजी. हात वाळेपर्यंत उठलो नाही.”