नसलेला नाग

“मग तुमच्या वाक्यात ‘वॉज’ आला कसा, बाबा?”

विचारणारे प्राध्यापक दिगंबर खिस्ते. इंग्रजी व्याकरणावर त्यांचं पुस्तक नुकतंच छापून आलं होतं. सुंदरगिरी बाबा पूर्वी शाळेत त्यांचे इंग्रजीचे मास्तर. पुढे मास्तर गोसावी झाले, टेकडीवरच्या मठात राहू लागले. वर्गात त्यांनी शिकवलेल्या ‘इफ आय वॉज अ किंग’ या वाक्यातली चूक काढायला खिस्ते टेकडी चढून आले होते.

“आला खरा,” बाबा म्हणाले. “काय हवं होतं?”

“‘वेअर’. इफ आय वेअर अ किंग. मी राजा नाही, म्हणून ‘वेअर’. जे मुळात नाही, नुसतं कल्पनेत आहे, त्यालाच हे रूप.”

बोलताना खिस्त्यांचे हात फार उडायचे.

बाबांची नजर खिस्त्यांच्या कोपराशी थांबली होती...

तिथे भिंतीच्या भेगेतून निघालेला नाग फणा काढून उभा होता. मला सांगणाऱ्याने तो हातभर सांगितला. म्हणजे तुम्ही दोन हात धरून चाला.

“दिगंबर,” बाबा सावकाश म्हणाले, “हात मांडीवर ठेव. आता ऐक. इफ देअर वेअर अ कोब्रा बिसाइड यू... चुकलं का?”

“नाही. अचूक आहे.”

“म्हणजे शेजारी नाग आहे?”

“छे. ‘वेअर’ म्हटलं की नाहीच.”

“खात्री?”

“छापलंय मी, बाबा.”

“मग हलायचं काय कारण... बस असाच. नियम पुन्हा सांग. हळू.”

खिस्ते नियम सांगू लागले. फणा डोलत होता. एकदा तो त्यांच्या बाहीला घासला. खिस्त्यांना वारा वाटला.

बाबांच्या कपाळावरून घाम ओघळला. त्यांनी तो पुसला नाही.

नियम संपून अपवाद लागले, तेव्हा कुठे नाग खाली झुकला. खिस्त्यांच्या मांडीपुढून सरपटत उंबऱ्यापलीकडे गेला.

खिस्त्यांना शेपूट दिसलं.

...

बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. उरलेलं पाणी खिस्ते प्यायले.

“बाबा... नाग होता.”

“होता.”

“तरी तुम्ही ‘वेअर’ म्हणालात. हे साफ चूक आहे.”

बाबांनी उंबऱ्याकडे बोट केलं.

“हरकत घ्यायचा हक्क त्याचा होता. तो गेला.”