विझणारा सूर

"हा सूर मरतो, मास्तर. तुम्हाला कधी जाणवलं नाही का?"

शाल्मलीने पुन्हा त्याच जागी बोट दाबलं आणि मास्तरांच्या जुन्या बेस गिटारची तार छेडली. बाकीचे सूर कसे लांबवर जात होते, खोलीच्या भिंतींत उतरत होते. हा एक मात्र उमटायचा आणि लगेच विझायचा. जणू कुणी तारेवर हळूच हात ठेवला...

इनास मास्तर ओट्यावर बसून केळफूल सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जाणवलं," ते म्हणाले.

"मग इतकी वर्षं दुरुस्त का नाही करून घेतलं?"

मास्तरांनी एक पाकळी बाजूला ठेवली. मग दुसरी.

ती बेस गिटार त्यांच्याकडे तरुणपणी आली होती. एका बोटीवरचा वादक मुंबईच्या हॉटेलात ती मागे ठेवून गेला, तो परत आलाच नाही. पुढे हॉटेलांत, रेकॉर्डिंगच्या स्टुडिओंत, लग्नांच्या मांडवांत मास्तरांनी तीच वाजवली. अंगठा टेकून टेकून एका जागचं पॉलिश पार उडालं होतं आणि खालचं लाकूड गुळगुळीत झालं होतं. आता संधिवाताने त्यांची बोटं वळत नव्हती. वसईच्या या गावी, केळीच्या वाडीतल्या घरात ते राहत, आणि गिटार पलंगाखाली तिच्या पेटीत.

पण तिला बघायला माणसं अजून येत. पुण्याहून, बंगळूरहून, एकदा तर थेट परदेशातून. प्रत्येकाकडे आपापलं कारण तयार असे. कुणी म्हणे, लाकूड सुकलंय म्हणून नाद असा गोल येतो. कुणी म्हणे, तारांखालच्या चुंबकाभोवतीची तांब्याची गुंडाळी तेव्हा वेगळी होती. कुणी म्हणे, सगळी जादू न बदललेल्या जुन्या तारांची. एकाने तर डोळे मिटून तिचा वास घेतला होता. मास्तर सगळ्यांचं ऐकून घेत, चहा पाजत आणि वाटेला लावत. गिटार विकायचं नाव काढलं की ते कानाने अधू होत.

शाल्मलीही अशीच आली होती. फरक इतकाच की ती राहिली. शिकवा म्हणाली.

पुण्यात तिचं नाव झालेलं होतं. तिच्या बोटांच्या वेगाचे व्हिडिओ लोक एकमेकांना पाठवत. बेस वाजवणाऱ्याला कायम ढोलकीच्या मागे, अंधारात उभं करतात याची तिला मनापासून चीड होती. आपण तसं उभं राहायचं नाही, हे तिने फार आधी ठरवून टाकलं होतं. ते तिला जमलंही होतं.

आता गावच्या चर्चचा सण आला होता. मांडवात संध्याकाळी गाणं व्हायचं होतं, आणि गाणार होती फिलोमेनाबाय.

फिलोमेनाबाय म्हणजे मास्तरांच्या हॉटेलच्या दिवसांतली गायिका. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, भरदार. पुढे घशाचं ऑपरेशन झालं. आवाज वाचला, पण बारीक झाला, काठाला विरला. तेव्हापासून तिने माणसांसमोर तोंड उघडलं नव्हतं. या वर्षी फादरनी आणि बायकांच्या मंडळाने खूप गळ घातली, तेव्हा कुठे ती एका गाण्याला तयार झाली. समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचं ते संथ गाणं होतं.

तालमीला शाल्मलीने आपली नवीकोरी बेस वाजवली. हात चोख पडला. एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही. गाणं अर्ध्यावर आलं आणि फिलोमेनाबाय थांबली. तिने माइक खाली ठेवला, पदराने ओठ पुसले आणि म्हणाली की मला मीच ऐकू येत नाही. मला नाही जमायचं, दुसरं कुणीतरी बघा. कुणावरही न रागावता ती घरी निघून गेली.

शाल्मलीला वाटलं, बाईंचं वय झालंय. घरी आल्यावर ती तसं मास्तरांना म्हणालीही.

मास्तरांनी वाकून पलंगाखालची पेटी ओढून काढली आणि कुणाला कधी न दिलेली ती गिटार तिच्या मांडीवर ठेवली. मग काठी घेऊन फिलोमेनाबायच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं कुणास ठाऊक. परत आले ते सांगतच, की ती गाणार आहे.

आणि आता सणाच्या सकाळी शाल्मलीला तो विझणारा सूर सापडला होता.

"पुन्हा वाजव," मास्तर म्हणाले.

तिने वाजवला. सूर उमटला, विझला.

"आता काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"पुन्हा."

तिने जरा जोरात छेडला. विझला... आणि त्या पोकळीत वाडीतून पाण्याचा आवाज आला. केळीच्या आळ्यांत पाणी सोडलं होतं, ते झुळझुळत होतं.

"पाणी," ती म्हणाली.

"ते आत्ता सुरू झालं?"

तिला याचा राग आला. सरळ विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर या माणसाकडून कधी मिळत नाही, असं तिला वाटलं. शिवाय वाट तिच्याजवळ होतीच. तोच सूर शेजारच्या तारेवर, थोडा वर सरकून, छान लांब मिळत होता. तिने तो तिथून घेऊन बघितला. मरत नव्हता.

मास्तरांनी ते पाहिलं. केळफुलाच्या पाकळ्या गोळा केल्या आणि ते आत गेले.

संध्याकाळी मांडव भरला. म्हाताऱ्या बायका लाल लुगडी नेसून पुढच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. फिलोमेनाबाय स्टेजवर आली तेव्हा टाळ्या झाल्या, पण जपून झाल्या. तिची तालीम कशी मोडली हे साऱ्या गावाला कळलं होतं.

गाणं सुरू झालं. जुन्या गिटारचा नाद मऊ होता, जाड सतरंजी अंथरावी तसा. पहिल्या ओळीच्या शेवटी फिलोमेनाबायचा आवाज खाली उतरत होता, आणि नेमका त्याच उंचीवर बेसचा तो सूर येत होता. शाल्मलीने तो शेजारच्या तारेवरून घेतला. लांब, गोल, देखणा. बायचा आवाज त्याच्याखाली गेला. तिचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच.

फिलोमेनाबायने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. ती गायची परवानगी मागत होती.

इतक्या स्टेजवर इतक्या गाणाऱ्यांच्या शेजारी शाल्मली उभी राहिली होती, पण गाणाऱ्याचं तोंड तिने आजच पाहिलं होतं.

दुसरी ओळ आली. आवाज उतरू लागला. शाल्मलीचं बोट सवयीने वर सरकायला निघालं... आणि तिने ते मागे घेतलं. मूळ जागीच दाबलं. तार छेडली.

सूर उमटला. विझला.

आणि त्या रिकाम्या जागेतून फिलोमेनाबायचा आवाज वर आला. बारीक, काठाला फाटलेला, थरथरता. पण सगळ्या मांडवाला ऐकू येणारा.

तिने स्वतःही तो ऐकला. तिची मान ताठ झाली. तिसऱ्या ओळीला तिने डोळे मिटले नाहीत, उलट ती समोर बघून गायली. ओळीच्या शेवटी सूर पुन्हा विझला, आवाज पुन्हा उभा राहिला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी गुणगुणू लागली. मग तिच्या शेजारची. ध्रुवपदाला सगळा मांडव गात होता, आणि तरी फिलोमेनाबाय त्या सगळ्यांच्या वर ऐकू येत होती. गाणं संपलं तेव्हा लोक उठून उभे राहिले, आणि खाली बसायचं नावच घेईनात. एकाच गाण्याला तयार झालेली बाय आणखी दोन गायली.

स्टेजच्या मागे मास्तर खुर्चीवर बसले होते. शाल्मली धापा टाकत आली. लोक बाहेर फिलोमेनाबायला हारांत बुडवत होते, शाल्मलीकडे कुणी वळूनही पाहत नव्हतं, आणि जन्मात पहिल्यांदाच तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

"कशी वाजवली, मास्तर?"

मास्तरांनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"तू होतीस तिथे?"

ती हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने गिटार हलकेच पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि पेटी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

मास्तरांनी हात पुढे केला नाही. ते काठीवर भार देऊन उठले आणि गर्दीकडे, फिलोमेनाबायच्या दिशेने चालू लागले.

"राहू दे तुझ्याकडे, बाय," जाता जाता ते शाल्मलीला म्हणाले. "उद्या आणखी कुणाला गायचं असेल."