हिरामणनं आणलेले स्केट

खडकपिंप्रीत एक भोळा मामा राहत होता. नाव हिरामण. सांगितलं तेवढंच तो करी. पण तेवढं मात्र अगदी पक्कं करी.

त्याची भाची कार्तिकी चाकांच्या स्केटवर हॉकी खेळायची. एके दिवशी तिच्या संघाची आइस हॉकीसाठी निवड झाली. गावात बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर. तरी सरपंचांनी वेशीवर फ्लेक्स लावला. त्यावर सरपंच पुरुषभर, मुली नखाएवढ्या. बर्फावरचे, पात्यांचे स्केट मात्र ज्याचे त्यानं आणायचे होते.

कार्तिकीच्या आईनं, शेवंताक्कानं, भिशी उचलली. वीस हजार रुपये भावाच्या हातात ठेवले.

"हिरामण, शहरात जाऊन स्केट आण. स्वस्त घेऊ नकोस. महागच घे."

शहरातल्या दुकानदारानं दोन जोड मांडले. "हा सहा हजारांचा, हा चौदा हजारांचा."

"महाग करा," हिरामण म्हणाला.

"चौदा महागच आहेत की, दादा."

"छे. जरा वर सरका."

दुकानदारानं त्याच्याकडे नीट बघितलं. "सोळा?"

"सोळात काय होतंय?"

"अठरा. शेवटचा भाव."

"वीस करा, नाहीतर चाललो मी."

दुकानदारानं नाइलाजानं वीस केले. वर चहा पाजला.

गावात संघाच्या भोईटे सरांनी तो जोड बघितला. "अहो मामा, पोर पहिल्यांदाच बर्फावर उतरतेय. एवढे भारी कशाला? साधा जोड चालेल. घोटा तेवढा घट्ट धरला पाहिजे. मगच घ्यायचा."

किंमत ऐकून अक्का मटकन खाली बसली. "परत करून ये. आणि जरा घासाघीस करायला शिक. दुकानदार म्हणेल त्याच्या निम्म्यावर यायचं."

हिरामण पुन्हा शहरात गेला. दुकानदार भला निघाला. जोड परत घेतला. "हे घ्या तुमचे वीस हजार."

"वीस? दहा द्या."

"अहो, तुमचेच आहेत!"

"ते मला सांगू नका. दहाच्या वर एक रुपया घेणार नाही."

दुकानदारानं दहा दिले. पुन्हा चहा पाजला.

अक्का दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता भावाचं बोलूच नकोस. साधा जोड आण. सर काय म्हणाले ते आठवतंय ना?"

"आठवतंय. घोटा घट्ट धरायचा."

त्याला बघून दुकानदार चहा सांगायला उठला. हिरामण खाली बसला आणि त्यानं दुकानदाराचा घोटा धरला. घट्ट.

"अहो, पाया कसले पडताय?"

"पडत नाही. धरतोय. मगच जोड घ्यायचा."

गर्दी जमली. कुणी म्हणालं, गरिबाला लुबाडलेलं दिसतंय. कुणी मोबाइल बाहेर काढला. दुकानदाराला घाम फुटला. त्यानं साधा जोड फुकट दिला, राहिलेले दहा हजारही हिरामणच्या खिशात कोंबले आणि आपला पाय सोडवून घेतला.

स्केट आले, पैसेही आले. गाव थक्क झालं. सरपंच म्हणाले, असा माणूस पंचायतीत पाहिजे. भोईटे सरांनी तर सगळ्या पोरींचे स्केट त्याच्याच ताब्यात दिले. काहींचे महागडे, काहींचे साधे. एका पोत्यात भरून ते सामन्याच्या दिवशी आणायचे होते.

अक्काला मात्र काळजी. "बर्फ तो, हिरामण. एकाही पोरीचा पाय घसरता कामा नये. जबाबदारी तुझी."

"एकीचाही घसरणार नाही," हिरामण म्हणाला.

सामन्याच्या दिवशी समोरचा संघ बर्फावर उतरला होता. पंच घड्याळ बघत होते. हिरामणनं पोतं उघडलं. पोरी बघतच राहिल्या. सरांनी एक स्केट उचलून उलटा केला. खाली पातं नव्हतं. काळंभोर रबर होतं, ओळीनं खिळे मारलेलं.

"मामा, पाती कुठायत?"

"भंगारात दिली. त्यांच्यामुळंच घसरत होतं."

कार्तिकीच्या डोळ्यांत पाणी आलं. हिरामणला भाचीच्या मनातलं कळलं. त्यानं तिला जवळ घेतलं.

"रडू नकोस, पोरी. महागड्यांना ट्रकचं टायर मारलंय, तुझ्या साध्यांना स्कूटरचं. पण घसरणार तुझेही नाहीत."