ढोमकावळ्याने घासलेला घोडा

चूक म्हाताऱ्या ढोमकावळ्याचीच होती. हे आधीच सांगतो, कारण वय बघून सगळे त्याला माफ करून टाकतात.

फार पूर्वी तो डोहाकाठच्या उंबरावर राहायचा. ढोलीत त्याने जुनी नाणी जमवली होती. घोड्याच्या छापाचं होतं, उंटाच्या छापाचं होतं, फक्त हत्तीचं नव्हतं. त्यासाठी त्याने अख्खी हयात घालवली होती.

एके दिवशी कासवाने डोहाच्या तळातून नेमकं तेच आणलं. म्हणालं, "दोन उंबरं द्या."

"काळंठिक्कर पडलंय. एक देतो."

शेजारची साळुंकी म्हणाली, "आजोबा, झाड लगडलंय. देऊन टाका की."

"तू गप गं. आम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत. संध्याकाळी झक मारत येईल ते."

साळुंकीने खाली पडलेली दोन उंबरं उचलून कासवाला दिली आणि हत्ती घेतला.

मग मात्र म्हाताऱ्याला घास गोड लागेना. घोडा देऊन हत्ती घ्यायचा, असं त्याने ठरवलं. पण घोडाही काळाच पडला होता. काळं नाणं कोण घेणार, म्हणून चिंच आणि वाळू लावून त्याने ते दिवसभर घासलं. लखलखीत करून साळुंकीपुढे ठेवलं.

तिने उलटसुलट करून पाहिलं. "आजोबा, यातला घोडा कुठे गेला?"

"चकाकी बघ की."

"चकाकी डोहातही दिसते. मला घोडा हवा होता."

एक उंबर वाचवताना त्याला हत्ती मिळाला नाही आणि होता तो घोडाही गेला.