पाणलाव्याला मारलेली हाक

एका तळ्याकाठच्या गावात एक नकल्या राहत होता. पाखरांचे आवाज तो असे हुबेहूब काढी की खुद्द पाखरेच फसत. कोकिळेशी तो भांडे, टिटवीला दमात घेई.

एका वर्षी तळ्याचा बांध फुटला. पाणी ओसरू लागले, लव्हाळी सुकू लागली. गावाने तिथल्या धनिकाला साकडे घातले. नुसते दगड द्यायला त्याला कुणी अडवले नव्हते. पण धनिकांना दान देतानाही तमाशा लागतो.

तो म्हणाला, "वरच्या नि खालच्या, दोन्ही आळ्यांनी तळ्यावरची पाखरं शोधा. दिसेल त्या प्रत्येक जातीमागे मी बांधाला एक गाडी दगड देईन. जी आळी जिंकेल, तिच्या म्होरक्याला पागोटं बांधू आणि 'तळ्याचा राखणदार' म्हणू."

नियम एकच होता. दोन्ही आळ्यांच्या पंचांनी पाखरू डोळ्यांनी पाहिले, तरच ते मोजायचे.

खालच्या आळीचा म्होरक्या अर्थातच नकल्या. दिवसभर गाव तळ्याभोवती धावले. बगळे, खंड्या, पाणकोंबड्या, धोबी, कुणी सुटले नाही. ऊन कलले, तरी दोन्ही आळ्या बरोबरीत.

लव्हाळ्यांत पाणलावा आहे, हे एकट्या नकल्याला ठाऊक होते. या पाखरात मादी अंडी घालून निघून जाते. पिल्ले वाढवतो तो बाप. उजेडात तो लव्हाळ्यांची कड सोडून उघड्यावर येत नाही. पण पिल्लू किंचाळले, तर मात्र जिवावर उदार होऊन धावतो.

नकल्याने ओठ मुडपले, तशी बायकोने त्याचा हात धरला. "अहो, पिल्लाची हाक नका हो काढू. बाप आहे तो. आपली ठकी रडली, तर तुम्ही घरात बसून राहाल का?"

"एका हाकेनं काय बिघडतंय? तळं त्याच्यासाठीच तर वाचवतोय," नकल्या म्हणाला, आणि पिल्लासारखा किंचाळला.

पाणलावा पंख पसरून धावत बाहेर आला. पिल्लू कुठेच नव्हते. भांबावून तो परत फिरला.

वरच्या आळीचा पंच म्हणाला, "मी चिलीम पेटवत होतो. मला नाही दिसला."

"डोळे चिलमीत घातले होते काय?" खालची आळी ओरडली. पण नियम तो नियम. नकल्याने पुन्हा हाक मारली, पाणलावा पुन्हा धावला.

तेवढ्यात धनिक आला. "मला दाखवल्याशिवाय गाडी कशी जुंपायची?"

नकल्या आणखी एकदा किंचाळला. या वेळी पाणलावा धावला नाही. लव्हाळ्यांच्या कडेला येऊन मान तिरकी करून तो नुसता बघत राहिला. धनिकाला तेवढे पुरले. ढोल वाजले, नकल्याच्या डोक्यावर पागोटे चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड उतरत होते. पागोटे सावरत नकल्या बांधावर उभा होता. समोरून भारद्वाज उड्या मारत आला. माणसांनी हात जोडले. "राखणदार, शुभशकुन झाला हो!"

शकुनाचा असला, तरी भारद्वाज दुसऱ्यांची पिल्ले खातो. तो लव्हाळ्यांत शिरला. आतून पिल्लाची किंकाळी उठली.

"आता कशाला नक्कल करताय? जिंकलात की!" कुणीतरी हसले.

नकल्याचे ओठ मिटलेले होते.

लव्हाळ्यांच्या कडेला पाणलावा उभा होता. त्याने मान उंचावली, ऐकले आणि पुन्हा चिखलात चोच घातली. असल्या हाकेत पिल्लू नसते, हे तो कालच शिकला होता.

नकल्या चिखलात धावला. पागोटे पाण्यात पडले. बापाला हाक मारायला त्याने तोंड उघडले. पण त्याच्याजवळ हाक होती ती पिल्लाचीच. ती आता कोण ऐकणार? तो लव्हाळ्यांत पोहोचेपर्यंत किंकाळी थांबली होती.

बांध भक्कम झाला, तळे काठोकाठ भरले. गावाने नकल्याला नवे पागोटे देऊ केले, पण त्याने ते घेतले नाही. पोरे अजून मागे लागतात, "काका, पाणलाव्याची नक्कल करा ना!" काका मान हलवतात आणि लव्हाळ्यांकडे पाठ करून बसतात.

तात्पर्य: ज्याच्या नावाने दान मागता, निदान त्याला तरी फसवू नका. फुटलेला बांध दगडांनी सांधतो. उडालेला विश्वास सांधेल, असा दगड कुठल्याच खाणीत निघत नाही.