दोन शाली

“बुवा, मधेच कसा काय बंद पडतो हा?”

यदुनाथ अगदी रडकुंडीला आला होता. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला होता, आणि बुवांनी आत्ताच सांगितलेलं पान पुन्हा गेलं होतं. बुवा तेच निरूपण पुन्हा सांगत, पण तसंच कधी सांगत नसत.

विश्वंभरबुवा पलंगावर बसले होते. वय झालेलं, श्वास अपुरा. आयुष्यभर तोंडी सांगितलेलं ते आता यदुनाथकडून टाइप करून घेत होते. डॉक्टर जाताना यदुनाथला बाजूला घेऊन जे बोलले, ते त्याने मठात कुणालाच सांगितलं नव्हतं.

मठात कॉम्प्युटर कळणारा तो एकटाच, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. आज मात्र त्याची मती गुंग झाली होती.

“काय काय केलंस?” बुवांनी विचारलं.

“अँटिव्हायरस फिरवला. विंडोज नव्याने टाकलं. पॉवर सप्लायसुद्धा बदलला. करायचं म्हणून काही ठेवलं नाही.”

“आणि शाल?”

“शाल?...”

गेल्या सत्कारात बुवांना दोन शाली मिळाल्या होत्या. एक यदुनाथने त्यांच्या अंगावर गुंडाळली होती, वारा बाधू नये म्हणून. एक सीपीयूवर, धूळ बसू नये म्हणून. शिवाय खिडक्या बंद. भेटायला येणाऱ्यांना तो ओसरीवरूनच वाटेला लावी. वर सीपीयूपुढे रोज उदबत्ती. भक्तीत कसली कसर नव्हती.

बुवा भिंतीला धरून उठले.

“अहो बुवा, पडाल!”

तोवर त्यांनी शालीखाली हात घातला होता. तापाने फणफणलेल्या पोराचं कपाळ बघावं, तसा.

“भाजतंय रे.”

बुवांनी शाल ओढली. मागची जाळी लोकरीच्या तुसांनी आणि उदबत्तीच्या राखेने पार बुजली होती. आतल्या पंख्याला वारा घ्यायला जागाच नव्हती.

यदुनाथ ओशाळला. ब्रश आणून त्याने जाळी झाडली, पंखा पुसला. बटण दाबलं. पंखा भिरभिरला, पडदा उजळला. दोघं बघत राहिले...

बराच वेळ गेला. बंद पडला नाही.

“मी जपतच होतो हो,” यदुनाथ म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. “मला भीती वाटते, बुवा. याची नाही... तुमची. सगळं सांगून व्हायच्या आत तुम्ही...”



ओसरीवर कुणीतरी चपला काढल्या. यदुनाथ सवयीने त्यांना परतवायला निघाला. बुवांनी त्याचा हात धरला. त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता.

त्यांनी मान पुढे केली.

“आता ही दुसरी काढ.”